संगणकाच्या खोलीतील कणगी

संपादक मंडळातील मुले "सर, यंदा अंकासाठी काहीतरी द्या" म्हणून आली, तेव्हा गणितातील एखाद्या गमतीवर मी नेहमीप्रमाणे चार पाने लिहून देईन, अशीच त्यांची अपेक्षा असावी. मलाही ते सोपे होते. परंतु 2024 सालच्या पावसाळ्यात आमच्या संगणकाच्या खोलीत जे घडले, ते काही केल्या मनातून जात नाही. आणि त्यात माझ्या हातून जे झाले, ते वर्गापुढे सांगून झाले असले तरी घरोघरच्या पालकांपर्यंत पोचलेले नाही. तेव्हा गणिताची गंमत पुढील वर्षी.

'सॉफ्टवेअर पॅकेजचा स्थानिक मिरर' हे शब्द पाहून घरातील वडीलधारी मंडळी अंक खाली ठेवतील, या भीतीने आधी कणगीची गोष्ट सांगतो. येळ्ळूरच्या बाजूस आमचे जुने घर. माजघराच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांची, शेणामातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची कणगी असे. सुगीत ती भरली, की पुढच्या सुगीपर्यंत घराला घोर नसे. आषाढात वाट चिखलात बुडाली, की बाजार दिवसचे दिवस दूर राही. तेव्हा आजी कणगीवर तळहाताने थाप मारी आणि नुसत्या आवाजावरून भात किती उरले ते सांगे. दाणा एकदाच घरी आणायचा आणि मग साऱ्यांनी घरातूनच घ्यायचा, ही गोष्ट इतकी साधी, की तिला कोणी विद्या म्हणत नसे. आमच्या शाळेतील चोवीस संगणकांना मात्र ती ठाऊक नव्हती.

हे संगणक एका कारखान्याने वापरून झाल्यावर शाळेला दिलेले. त्यांवर डेबियन नावाची प्रणाली घातलेली आहे. इयान मर्डॉक नावाच्या एका विद्यार्थ्याने 1993 च्या ऑगस्टमध्ये ती जाहीर केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे, जी पुढे त्याची पत्नी झाली तिचे, नाव आणि स्वतःचे नाव जोडून त्याने 'डेबियन' हा शब्द घडवला. जगभरचे स्वयंसेवक ती प्रणाली सांभाळतात आणि तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. तिच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतील पात्रांची नावे देण्याची चाल आहे. त्या वर्षी आमच्याकडे होती ती बारावी आवृत्ती. तिचे नाव 'बुकवर्म', म्हणजे चष्मा लावलेला पुस्तकी किडा. शाळेला याहून शोभेलसे नाव दुसरे कोणते?

या प्रणालीत उपयोगाची प्रत्येक वस्तू स्वतंत्र गाठोड्यात बांधलेली असते. लेखनासाठी लिबरऑफिस, आकाशातील तारे पाहण्यासाठी स्टेलेरियम, मराठी अक्षरांसाठी लोहित देवनागरी. ज्याला जे हवे ते त्याने मागून घ्यावे. या गाठोड्यास पॅकेज म्हणतात. बाराव्या आवृत्तीत अशी 64,000 हून अधिक पॅकेजे होती. ती ज्या कोठारात असतात, त्याच्या हुबेहूब प्रती देशोदेशींच्या विद्यापीठांनी आणि संस्थांनी आपापल्या संगणकांवर ठेवलेल्या असतात, आणि अशा प्रतीला मिरर, म्हणजे आरसा, हे मोठे समर्पक नाव आहे. संगणकाने मागावे, जवळच्या आरशाने द्यावे.

मागण्यात अडचण नव्हती; येण्यात होती. जुलैमध्ये नववीच्या दोन्ही तुकड्यांना विज्ञान-प्रदर्शनासाठी कामे नेमून दिली. त्यांना लागणारी पॅकेजे प्रत्येक यंत्रामागे सुमारे 300 मेगाबाइट भरत. चोवीस यंत्रे, म्हणजे 7,200 मेगाबाइट. पावसात आमची इंटरनेटची लाइन सेकंदाला 4 मेगाबिटांवर येई. एका बाइटात आठ बिट, हे ध्यानात घेऊन मुलांनीच फळ्यावर उत्तर काढले: बरोबर चार तास. आमचा तास चाळीस मिनिटांचा! मुले पडद्यावरील आकड्यांकडे पाहत बसत. बत्तीस टक्के, तेहेतीस टक्के, आणि घंटा. शहरातील मुलांच्या घरी निदान कोणा काकाचा, मामाचा संगणक असतो. पण जांबोटी रस्त्यावरच्या खेड्यांतून पहाटेची बस धरून येणाऱ्या मुलामुलींची बोटे कळफलकाला लागत, ती आठवड्यातून त्या एका तासातच. तो तास टक्के मोजण्यात जावा, याचे मला फार वाईट वाटे.

नववी 'ब' मधील एक मुलगा एके दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. बोलायला तो मुळातच थोडका. "सर, चोवीस वेळा एकच वस्तू येते आहे. एकदाच आणून इथेच ठेवली तर?" त्याने हिशेबही करून आणला होता. एका यंत्राचे 300 मेगाबाइट यायला दहा मिनिटे. आणि खोलीतल्या खोलीत सेकंदाला 100 मेगाबिट वाहून नेणारी तार असल्यामुळे साऱ्या चोवीस यंत्रांना वाटायला पुन्हा दहाच मिनिटे. कागदावरचे गणित प्रत्यक्षात थोडे लांबते, हे सोडा. वीस वर्षे गणित शिकवून मला जे सुचले नाही, ते त्याला सुचले होते. त्याचा थोरला भाऊ पुण्यास याच व्यवसायात आहे; संध्याकाळी त्याच्याशी फोनवर बोलून तो एकेक पायरी समजून घेई आणि वहीत उतरून आणी.

पण शिक्षकाला शहाणपण शिकायला वेळ लागतो. मिररच करायचा तर संपूर्ण करू, असे मी ठरवले, आणि कार्यालयातील टाकाऊ संगणकावर सगळ्या जातींच्या यंत्रांचा, मूळ संहितांसह, अवघा साठा मागवला. डिस्क 500 गिगाबाइटांची. हिशेब मी दोन दिवसांनी केला: आमच्या लाइनने ती डिस्क भरायलाच साडेअकरा दिवस लागले असते, आणि ती काठोकाठ भरूनही कोठारातील बहुतेक माल बाहेरच राहिला असता. मुलगा काही बोलला नाही. त्याने वहीचे पुढले पान उघडून ठेवले.

त्या पानावर दुसरी तऱ्हा होती. सारे कोठार उचलून आणायचे नाही. मध्ये एक राखणदार बसवायचा. पहिल्या यंत्राने एखादे पॅकेज मागितले, की राखणदाराने ते बाहेरून आणून द्यावे आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. दुसऱ्याने तेच मागितले, की बाहेर न जाता घरातून द्यावे. डेबियनच्या पॅकेजांसाठी या राखणदाराचे नाव ॲप्ट-कॅशर-एनजी, आणि पायथन भाषेच्या पॅकेजांसाठी डेव्हपाय. पहिला 3142 क्रमांकाच्या दारावर बसतो आणि दुसरा 3141 क्रमांकाच्या. गणिताच्या मास्तरास हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहून किती आनंद झाला असेल, हे दहावीच्या मुलांनी ओळखावे. चोवीसही यंत्रांत या दारांचे पत्ते लिहून ठेवले, की त्यांच्या बाजूचे काम झाले.

दोन राखणदार एकाच यंत्रात नांदायचे, म्हणजे एकाची भांडी दुसऱ्यास लागणार नाहीत हे पाहिले पाहिजे. त्यासाठी कंटेनर. बंदरावरील पेट्यांवरून हे नाव आले आहे. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन वाहतूकदाराने 26 एप्रिल 1956 रोजी 58 पेट्या 'आयडियल एक्स' या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. आत काय आहे हे यारीला विचारावे लागू नये, ही त्यातली खुबी. संगणकातील कंटेनर 2013 साली पुढे आलेल्या डॉकर या साधनामुळे घरोघरी पोचला. मला मात्र तो समजला आमच्या बेळगावातील जुन्या वाड्यांमुळे. स्वतंत्र संगणक म्हणजे स्वतंत्र बंगला. कंटेनर म्हणजे वाड्यातील बिऱ्हाड. जोते एक, आड एक, छप्पर एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाचे दार निराळे, चूल निराळी, आणि एकाच्या खोलीत काय शिजते ते दुसऱ्यास दिसत नाही. लिनक्सचा गाभा हा तो सामाईक वाडा. बिऱ्हाड कसे मांडायचे याची कृती एका छोट्या फाइलीत लिहिलेली असते. ती हाती असली, की दुसऱ्या वाड्यातही तेच बिऱ्हाड जसेच्या तसे मांडता येते. मुलाने दोन्ही कृती स्वतः लिहिल्या होत्या. सुरू करण्याच्या, थांबवण्याच्या आणि मोडण्याच्या आज्ञा एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून त्याने तो त्या संगणकाच्या वरच भिंतीला चिकटवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नववी 'अ' च्या बारा यंत्रांवर सारे काही आले. मुलाने ते आदल्या दोन संध्याकाळी, लाइन थोडी मोकळी असताना, बसून गोळा केले होते. शिपाईमामा त्याला सोबत म्हणून थांबत. पहिल्या यंत्राने मागितले, आणि उरलेल्या अकरा यंत्रांवर पॅकेजे अशी धो धो आली, की वर्गात टाळ्या पडल्या. एक यंत्र तेवढे रुसले. ते म्हणे, ही सूची भविष्यकाळातील आहे, मी मानणार नाही. पाहतो तो त्याच्या आतील बटणाएवढी बॅटरी संपलेली, आणि ते बिचारे अजून 2011 सालात वावरत होते! तारीख दुरुस्त करताच मुकाट्याने कामाला लागले. खेड्यातून येणाऱ्या एका मुलीने लोहित अक्षरांत पहिल्यांदा आपल्या गावाचे नाव मराठीत उमटवले आणि शेजारणीला हलवून दाखवले.

त्याच मुलीने विचारले, "सर, राखणदाराने मध्येच काही बदलून दिले तर?" प्रश्न फार चांगला होता. डेबियनची मंडळी सूचीवर आपली सांकेतिक मोहोर उठवतात. तीत कच्च्या सूचींचे ठसे असतात, त्या सूचींत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो, आणि गाठोड्यातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळत नाही. मोहोर तपासण्याची किल्ली प्रत्येक यंत्रात आधीपासूनच असते. म्हणून दाणा कोणाच्याही कणगीतून येवो, तो निवडून घेणे ज्याच्या त्याच्या हाती राहते. लाइन मध्येच तुटून एक पॅकेज अर्धवट साठले होते, तेव्हा यंत्रांनी ते खरोखरच परत केले. अर्थात मूळ कोठारातच खोट शिरली, तर मोहोरही त्या खोटीवरच उठणार. 2024 च्याच मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या एका साध्या साधनात कोणीतरी चोरवाट घालून ठेवल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले, ते आपले काम अर्ध्या सेकंदाने का रेंगाळते या शंकेमुळे. स्थिर आवृत्तीत ती खोट पोचली नव्हती, हे सुदैव.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, तेथे येतो. शुक्रवारी 'ब' तुकडीची पाळी होती. उरलेली बारा यंत्रे तिची. गुरुवारी सायंकाळी विजेचे येणे-जाणे सुरू झाले. सारे घरी गेले होते. वीज एकाएकी गेली तर साठा बिघडेल, म्हणून सारे रीतसर बंद करावे, असा मी विचार केला. भिंतीवरच्या कागदावर दोन आज्ञा होत्या: एक 'स्टॉप' आणि दुसरी 'डाउन'. दोन्हींचा अर्थ थांबवणे असाच मी धरला आणि दुसरी टंकली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. मी दिवे मालवून घरी गेलो.

त्याच रात्री आमच्या रस्त्यावर खोदकाम करताना कोणाच्या तरी कुदळीने तार तोडली, आणि लाइन मेली. सकाळी मला त्याची फिकीर वाटली नाही. कणगी भरलेली होती. मुलाने राखणदारांना उठवले, ते उठलेही. पण पहिल्याच मागणीला उत्तर आले, की साठ्यात काही नाही. दुसरी मागणी, तिसरी मागणी. कणगी रिकामी होती! बारा यंत्रांपुढे बसलेली चोवीस मुले माझ्याकडे पाहत होती, प्रदर्शन आठ दिवसांवर आले होते, आणि मी त्या मुलाला वर्गासमोर बोललो. काय बोललो, ते येथे लिहीत नाही. नसते उद्योग, उगाच हात लावणे, असे शब्द त्यात होते. तो खाली मान घालून उभा होता. "हो सर," इतकेच तो म्हणाला. मग सबंध तास त्याने वहीतून मान वर काढली नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. तारेची दुरुस्ती झाली नव्हती. सोमवारी सकाळी काय झाले असावे ते पाहावे म्हणून मी त्या संगणकावर माझ्या खात्यात टंकलेल्या आज्ञांची यादी उघडली. शेवटची ओळ माझीच होती. कागद भिंतीवरून काढून मी पहिल्यांदाच पूर्ण वाचला. 'स्टॉप' पुढे लिहिले होते, 'बिऱ्हाड झोपवणे'. 'डाउन' पुढे, 'बिऱ्हाड मोडणे'. वाड्याची उपमा माझीच, वर्गात मीच दिलेली! बिऱ्हाड उठले, की घरमालक खोलीला चुना देतो. भिंतीवर कोणी काय लिहिले होते ते मग कोणाला सांगता येत नाही. पॅकेजांचा साठा त्या खोलीतच होता. मी खोलीला चुना दिला होता.

मुलाला हे शुक्रवारीच कळले असले पाहिजे. नवे बिऱ्हाड मांडले जात आहे, हे सकाळी आज्ञा देताना पडद्यावर त्याच्यापुढे लिहून आले होते, आणि त्या यंत्राची किल्ली आम्हां दोघांखेरीज कोणाकडे नव्हती. तरी तो बोलला नाही.

पहिल्या तासाला मी 'ब' तुकडीत गेलो. हजेरी घेण्याआधी सांगितले, की साठा माझ्या हातून गेला, आणि ज्याला मी बोललो त्याची माझ्याकडून क्षमा मागायची आहे. वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही पाहिलेली नाही. मुलगा उभा राहिला. मला वाटले, आता हा काय बोलतो! तो म्हणाला, "सर, अर्धी चूक माझी. साठा बाहेरच्या माळ्यावर ठेवायला हवा होता. दादाने सांगितले होते, मी विसरलो." मी त्याला बसायला सांगितले, आणि हजेरी घेताना दोनदा एकच नाव पुकारले.

त्याचे म्हणणे बरोबर होते. कंटेनरच्या आत जे लिहिले जाते ते कंटेनरबरोबर जाते. टिकवायचे ते बाहेर, वाड्याच्या माळ्यावर ठेवायचे आणि बिऱ्हाडाला तेथवर एक दार काढून द्यायचे. या माळ्याला व्हॉल्यूम म्हणतात. कृतीच्या फाइलीत ती एकच ओळ वाढवावी लागली. बुधवारी तार जोडली गेली. त्या रात्री मी स्वतः थांबलो. मुलगा आज्ञा देई, मी वहीत नोंद करी, मामांनी चहा आणला. गुरुवारी आणि शुक्रवारी जादा तास घेऊन बाराही यंत्रे तयार केली. तारे दाखवणारे दोन गट प्रदर्शनात उभे राहिले. एका गटाचे काम अपुरे राहिले ते राहिलेच, आणि त्यातील मुलींच्या हिरमुसल्या चेहऱ्यांना मी जबाबदार होतो.

गणपतीच्या सुट्टीनंतर आणखी एक धडा मिळाला. सुट्टीभर राखणदार बंद होते; उघडले त्या दिवशी लाइन पुन्हा गेलेली. साठा शाबूत, तरी सुरक्षा-दुरुस्त्यांची सूची यंत्रांनी घेतली नाही. तिच्यावर सुमारे आठवड्याची मुदत घातलेली असते. मुदत टळली, की आरसा जुनेच रूप दाखवतो आहे असे समजून यंत्र तोंड फिरवते. तेव्हापासून सुट्टीतही आठवड्यातून दोनदा मी खोली उघडतो.

तो मुलगा आता शाळा सोडून पुढे गेला. 2025 च्या ऑगस्टमध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली, आणि ती सध्याच्या नववीच्या मुलांनी त्याच कृतीत एक शब्द बदलून त्याच कणगीतून चोवीसही यंत्रांवर घातली. भिंतीवरचा कागद मात्र त्याच्याच हातचा आहे. त्यावर माळ्याची ओळ तांबड्या शाईने वाढवलेली आहे, आणि 'डाउन' या आज्ञेपुढे, निरोपसमारंभाच्या दिवशी केव्हातरी येऊन, त्याने बारीक अक्षरात लिहून ठेवले आहे: "सर, आता चालेल."